चिपमधून झिरपणारी वीज अडवली, नंतर काराकोरममध्ये शाळा बांधली: ज्याँ होर्नीची गोष्ट

दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरची घरं कुलूपबंद व्हायला लागतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, कुठेही जा. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. भांडीकुंडी, कोयते आणि लेकरं ट्रॅक्टरमध्ये बसतात आणि पुढचे पाच-सहा महिने मुक्काम पडतो पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, उसाच्या फडाशेजारच्या कोपीत.

कोपीत लाईट नसते. तरीही फोन लागतोच. गावाकडे राहिलेल्या म्हाताऱ्यांची खबर घ्यायची असते, गाडी कधी भरायची हे मुकादमाला विचारायचं असतं. म्हणून अजूनही अनेकांच्या खिशात बटणांचा साधा फोन दिसतो. स्मार्टफोन संध्याकाळपर्यंत मान टाकतो. बटणांचा फोन एकदा टपरीवर चार्ज करून आणला की चार-पाच दिवस निघतात.

आता एक साधा प्रश्न. फोन खिशात नुसता पडून आहे, कुणी बोलत नाही, स्क्रीन बंद आहे. तरी बॅटरी उतरते कशी?

नेटवर्कशी अधूनमधून होणारी बोलणी हा उत्तराचा एक भाग झाला. दुसरा भाग आहे गळती. चिपमध्ये कोट्यवधी ट्रान्झिस्टर असतात आणि प्रत्येक ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा एक नळ. नळ बंद केला तरी थेंब थेंब गळतोच. एका नळाचा थेंब काहीच नाही, पण कोट्यवधी नळांचे थेंब मिळून बॅटरी रिकामी करतात. चिप डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरांची निम्मी डोकेदुखी आज याच थेंबांची आहे.

ही गळती पहिल्यांदा नीट अडवली ती एका स्विस माणसाने, १९५९ साली. त्याचं नाव ज्याँ होर्नी. रॉबर्ट नॉइस, गॉर्डन मूर, जॅक किल्बी ही नावं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरांनाही माहीत असतात. होर्नीचं नाव मात्र सहसा कुणी घेत नाही.

दोन डॉक्टरेट आणि एक खडूस बॉस

होर्नीचा जन्म २६ सप्टेंबर १९२४ चा, जिनिव्हाचा. पोरगा गणित आणि फिजिक्समध्ये पक्का. १९५० साली जिनिव्हा विद्यापीठातून डॉक्टरेट केली. तेवढ्यावर समाधान झालं नाही म्हणून १९५२ मध्ये केंब्रिजमधून दुसरी केली. त्याच वर्षी तो अमेरिकेला गेला आणि कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेत लायनस पॉलिंगच्या हाताखाली काम करू लागला. हा पॉलिंग म्हणजे पुढे रसायनशास्त्राचं आणि शांततेचं अशी दोन नोबेल मिळवणारा माणूस. होर्नीचा रस्ता सरळ प्राध्यापकीकडे जात होता.

मध्येच विल्यम शॉकली आला.

ट्रान्झिस्टरच्या शोधात वाटा असलेला शॉकली १९५६ मध्ये माउंटन व्ह्यू इथे स्वतःची सेमीकंडक्टर प्रयोगशाळा काढत होता. त्यासाठी तो देशभरातून हुशार पोरं गोळा करत होता. त्यात होर्नीही आला. पण शॉकलीच्या नजरेत हा कागद-पेन्सिलवाला माणूस. त्याने होर्नीला प्रयोगशाळेपासून दूर एका खोलीत बसवलं आणि आकडेमोड दिली: तापवलेल्या सिलिकॉनमध्ये बाहेरची मूलद्रव्यं किती खोल मुरतात, त्याची गणितं. होर्नीने गणितं केली. पण अधूनमधून तो प्रयोगशाळेत चक्कर मारायचा आणि भट्टीतून काय बाहेर येतंय ते बघत राहायचा. पुढे जे घडलं त्याचं बी इथेच पडलं. सिलिकॉनच्या आत काय होतं याचं गणित त्याच्याइतकं क्वचितच कुणाला पाठ होतं, आणि आता तो भट्टीही बघत होता.

शॉकलीला त्याच वर्षाच्या शेवटी नोबेल मिळालं. माणूस अफाट हुशार, पण बॉस म्हणून असह्य. संशयी आणि हट्टी. अखेर १९५७ मध्ये आठ जणांनी एकदम राजीनामा दिला. इतिहासात ते आठ गद्दार म्हणून ओळखले जातात. नॉइस, मूर, जे लास्ट, युजीन क्लायनर, शेल्डन रॉबर्ट्‌स, व्हिक्टर ग्रिनिच, ज्युलियस ब्लँक आणि होर्नी. फेअरचाइल्ड कॅमेरा या कंपनीने त्यांच्यामागे सुमारे १३ लाख ८० हजार डॉलर उभे केले आणि फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर सुरू झाली. पुढे इंटेलसकट सिलिकॉन व्हॅलीतल्या कितीतरी कंपन्या याच घरातून फुटून निघाल्या.

टेकडीच्या उतारावरची घाण

फेअरचाइल्डमध्ये ट्रान्झिस्टर बनवण्याचे दोन गट पडले. एक मूरचा, एक होर्नीचा. दोघांचे नमुने वेगळे. आधी बाजारात गेला तो मूरचा. १९५८ मध्ये आयबीएमने १०० ट्रान्झिस्टर मागवले, एका नगाला १५० डॉलर मोजून. होर्नी मागे पडला, आणि हरणं त्याच्या स्वभावात बसत नव्हतं.

त्या काळच्या या ट्रान्झिस्टरला मेसा म्हणायचे. मेसा म्हणजे सपाट माथ्याची टेकडी. बालाघाटात हिंडलेल्या माणसाला हा आकार वेगळा समजावून सांगायला नको. वर सपाट पठार, कडेला उतार. सिलिकॉनची चकती ॲसिडने कोरून अशी बारीक टेकडी उभी करायची, तीच ट्रान्झिस्टर.

अडचण होती ती उतारावर.

ट्रान्झिस्टरमध्ये सिलिकॉनचे दोन प्रकार असतात, एन आणि पी. दोन्ही जिथे भेटतात तो सांधा. विजेला एका दिशेने जाऊ द्यायचं आणि उलट दिशेने अडवायचं हे काम सांध्याचं. मेसामध्ये हा सांधा टेकडीच्या उतारावर उघडा पडायचा. तिथे धूळ बसायची, हवेतली ओल लागायची, पॅकिंगच्या आत राहिलेला धातूचा कण येऊन चिकटायचा. मग सांध्याच्या आतून अडलेली वीज कडेने, त्या घाणीवरून पलीकडे जायची.

हे कोल्हापुरी बंधाऱ्यासारखं आहे. सिंदफणेवर किंवा मांजरेवर असा बंधारा बघितला असेल तर लक्षात येईल. बर्गे कितीही मजबूत असू द्या, पाणी बर्ग्यातून जात नाहीच. ते दोन बर्ग्यांच्या फटीतून आणि कडेच्या खाचेतून झिरपतं. पावसाळ्यानंतर अडवलेलं पाणी उन्हाळ्याच्या आत कुठे गेलं, याचं उत्तर बऱ्याचदा त्या फटीत असतं.

चिपमधली ही गळती उष्णतेनेही वाढते. साध्या सिलिकॉन सांध्यासाठी जुना ढोबळ हिशोब असा, की दर दहा अंश तापमानाला गळती दुप्पट. एप्रिलच्या उन्हात तापलेला फोन लवकर उतरतो, त्यात या हिशोबाचाही वाटा असतो.

फेअरचाइल्डला हे प्रकरण फार महागात पडणार होतं. त्यांचे ट्रान्झिस्टर मिनिटमन या अमेरिकी क्षेपणास्त्राच्या दिशादर्शन यंत्रणेत जाणार होते. आणि इथे असं निघालं की ट्रान्झिस्टरच्या डबीला बाहेरून पेन्सिलीने टिचकी मारली तरी काही नग बिघडतात. आतला सुटा कण उडून सांध्यावर बसतो आणि खेळ खलास. मग प्रत्येक नग टकटक करून तपासायचा, असा प्रकार सुरू झाला. क्षेपणास्त्र उडताना किती हादरे बसतात याचा विचार केला की कंपनीची झोप का उडाली असेल ते कळतं.

पुसू नका, राहू द्या

होर्नीकडे उपाय तयार होता. कंपनी सुरू होऊन काही आठवडेच झाले होते तेव्हा, १ डिसेंबर १९५७ ला, त्याने तो आपल्या वहीत लिहून ठेवला होता. नंतर वर्षभर बाजूला पडला, कारण सगळ्यांना आधी मेसा विकायचा होता.

उपाय समजायला एक मागची गोष्ट सांगावी लागेल. १९५५ साली बेल लॅब्जमध्ये कार्ल फ्रॉश आणि लिंकन डेरिक यांच्या भट्टीत चुकून पाण्याची वाफ शिरली. सिलिकॉनच्या चकतीवर काचेसारखा एक थर चढला. हा सिलिकॉन डायऑक्साइड, म्हणजे वाळूचाच नातेवाईक. दोघांना कळलं की हा थर झाकणासारखा वापरता येतो. थराला जिथे खिडकी पाडाल तिथेच मूलद्रव्यं सिलिकॉनमध्ये शिरतात, बाकी ठिकाणी अडतात. रांगोळीच्या छाप्यासारखं. सगळ्यांनी ही युक्ती उचलली.

पण काम झालं की तो थर ॲसिडने धुऊन टाकायचा, असा शिरस्ता होता. भट्टीतून निघालेल्या थरात घाण मुरलेली असते आणि ती घाण ट्रान्झिस्टर बिघडवते, असं बेल लॅब्जचं मत. बेल लॅब्ज म्हणजे ट्रान्झिस्टरचं माहेरघर, त्यामुळे त्यांच्या मताला कोण आव्हान देणार? त्यांच्याकडेच मोहम्मद अटाला हा इजिप्तमध्ये जन्मलेला इंजिनिअर हाच थर चांगला वाढवला तर सिलिकॉनचा पृष्ठभाग शांत करतो हे दाखवत होता. तरी कारखान्यातली सवय सुटत नव्हती.

होर्नीचं म्हणणं सरळ होतं. थर धुऊ नका. टेकडीही कोरू नका. चकती सपाटच ठेवा आणि एन-पी सांधा जिथे पृष्ठभागाला येतो तिथे तो या काचेच्या थराखालीच येऊ द्या. मूलद्रव्यं खिडकीतून आत गेली की ती खाली मुरतात तशी आडवीही मुरतात, खिडकीच्या कडेच्या थोडी आत सरकतात. म्हणजे सांध्याची कड आपोआप थराखाली जाते. आयुष्यात ती कड एकदाही हवा बघत नाही. मग धूळ बसणार कुठे आणि वीज झिरपणार कुठून?

शॉकलीने दूरच्या खोलीत बसवून करायला लावलेली ती मुरण्याची गणितं इथे कामाला आली. मूलद्रव्य आडवं किती सरकेल याचा अंदाज कागदावर लावू शकणारा माणूसच असा विचार करू शकत होता.

जानेवारी १९५९ मध्ये होर्नीने आपली कल्पना कंपनीच्या पेटंट वकिलासाठी व्यवस्थित लिहून काढली. मार्चमध्ये चालणारा नमुना तयार झाला. गळती मेसाच्या मानाने कितीतरी पटींनी कमी. टिचकी मारा, आपटा, काही होत नव्हतं. १ मे १९५९ ला पेटंटचा अर्ज गेला. ते मिळालं २० मार्च १९६२ ला. तारखांकडे बघितलं तर गंमत वाटते, कारण अर्ज गेल्यावर बरोबर वर्षभराने, त्याच तारखेला, महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आलं.

सपाट पृष्ठभागामुळे या पद्धतीला नाव पडलं प्लेनर. १९६० च्या एप्रिलमध्ये पहिला प्लेनर ट्रान्झिस्टर बाजारात आला. सुरुवातीला बनवायला महाग पडायचा, खराब नग जास्त निघायचे. तरी नॉइस आणि मूरने कंपनी या पद्धतीकडे वळवली. आज जगात बनणारी सिलिकॉन चिप, मग ती फोनची असो की रेशन दुकानातल्या अंगठा लावायच्या मशीनची, या प्लेनर पद्धतीच्याच वंशातली असते.

आयसीचं श्रेय कुणाला?

होर्नीने वकिलाला कागद दिले तेव्हा वकिलाने नॉइसला विचारलं की या पद्धतीचा आणखी कुठे उपयोग होईल का, म्हणजे पेटंट लिहिताना तेही पकडता येईल. नॉइस विचार करायला बसला. पृष्ठभाग सपाट आहे आणि त्यावर विजेला अडवणारा काचेचा थर आहे. मग त्या थरावरून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या टाकून एकाच चकतीवरचे अनेक ट्रान्झिस्टर जोडता येतील. २३ जानेवारी १९५९ ला त्याने हे वहीत लिहिलं. हीच ती मोनोलिथिक आयसी.

त्याआधी सप्टेंबर १९५८ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जॅक किल्बीने एका तुकड्यावर सर्किट करून दाखवलं होतं, पण त्याच्या जोडण्या हवेत लोंबणाऱ्या बारीक तारांच्या होत्या. तसं सर्किट हजारोंनी बनवणं कठीण. पुढे दोन कंपन्या कोर्टात वर्षानुवर्षं भांडल्या. किल्बीला २००० साली नोबेल मिळालं. नॉइस १९९० मध्येच गेला होता, तरी त्याचं नाव सगळीकडे राहिलं. ज्याच्या सपाट पृष्ठभागाशिवाय नॉइसची पट्टी टाकायला जागाच नव्हती, त्या होर्नीला मात्र पुस्तकात एखादी ओळ मिळते. हा हिशोब थोडा अन्यायाचाच आहे.

होर्नी मात्र फेअरचाइल्डमध्ये थांबला नाही. मूळ कंपनीने संस्थापकांचे शेअर विकत घेतले होते, हातात पैसा आला होता, पण कंपनी आता आपली राहिली नव्हती. १९६१ मध्ये तो लास्ट, रॉबर्ट्‌स आणि क्लायनरबरोबर बाहेर पडला आणि अमेल्को काढली. तिथेही पटलं नाही. १९६४ मध्ये युनियन कार्बाइडसाठी इलेक्ट्रॉनिक्सचा विभाग उभा केला. १९८४ च्या भोपाळमुळे आपल्याकडे जिचं नाव कायमचं काळं झालं, तीच युनियन कार्बाइड. १९६७ मध्ये तेही सोडून त्याने इंटरसिल ही स्वतःची कंपनी काढली. माणूस तापट होता, कुणाचं ऐकून घेणारा नव्हता. दर तीन-चार वर्षांनी नवीन दार ठोठावायचं, असा त्याचा क्रम.

घड्याळाचा सेल तीन वर्षं कसा टिकतो

इंटरसिल हा या गोष्टीतला दुसरा महत्त्वाचा टप्पा. होर्नीने यासाठी पैसा आणला तो मायदेशातून, स्विस घड्याळ उद्योगातून. काम होतं मनगटी घड्याळात बसेल अशी, नावापुरती वीज खाणारी चिप.

इथे थोडा हिशोब करू. क्वार्ट्‌झ घड्याळातला बटणाएवढा सेल साधारण २८ मिलिअँपिअर-तासांचा असतो. घड्याळाने एक मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग, वीज घेतली तर सेल २८ हजार तास चालतो. तीन वर्षांपेक्षा थोडं जास्त. आता समजा चिपमध्ये गळती आहे आणि घड्याळ १०० मायक्रोअँपिअर घेतंय. सेल २८० तासांत संपला. बारा दिवसांत! दर पंधरवड्याला सेल बदलायचं घड्याळ कोण घेईल?

यावर तोडगा होता सीमॉस. ही रचना १९६३ मध्ये फेअरचाइल्डमध्येच फ्रँक वॉनलासने मांडली. तोपर्यंतच्या सर्किटांत काम नसतानाही कुठून तरी वीज वाहतच राहायची. सीमॉसमध्ये ट्रान्झिस्टर जोडीने बसवतात, एक उघडा असला की दुसरा बंद. एकाच ओळीत दोन नळ, त्यातला एक कायम बंद, मग पाणी वाहणार कसं? वीज लागते ती फक्त स्थिती बदलताना. बाकी वेळी उरते ती बंद नळाची गळती, तेवढीच. म्हणजे सीमॉस जितका चांगला, तितकं सगळं गळतीवर येऊन ठेपतं. आणि बंद नळ नीट बंद राहावा म्हणून लागणारा काचेचा स्वच्छ थर ही होर्नीचीच वाट.

या चिपांनी घड्याळांचं जग उलटंपालटं केलं. जपानच्या सेइकोने २५ डिसेंबर १९६९ ला पहिलं क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ विकायला काढलं आणि सत्तरच्या दशकात स्विस चावीच्या घड्याळांचा बाजार कोसळला. १९७० च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये सुमारे ९० हजार लोक घड्याळांच्या धंद्यात होते. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत त्यातले एकतृतीयांशच्या आसपास उरले. स्विस घड्याळवाल्यांनी ज्या तंत्रासाठी होर्नीला पैसे दिले, त्याच तंत्राने त्यांच्या जुन्या कारागिरांचं काम गेलं. आपल्याकडेही चावी द्यायची घड्याळं जाऊन सेलची आली. तालुक्याच्या बाजारातला घड्याळजी आता दिवसभर सेलच बदलत बसतो.

इंटरसिलची आणखी एक खूण आजही प्रत्येक टीव्ही-मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात पडलेली असते. स्वस्तातला पिवळा डिजिटल मल्टिमीटर, नऊ व्होल्टच्या सेलवर महिनोन्‌महिने चालणारा. त्यात असते ती ७१०६ नावाची चिप मूळ इंटरसिलने काढलेली.

गळती परत आली

चाळीस वर्षं होर्नीच्या काचेच्या थरावर सगळा उद्योग उभा होता. ट्रान्झिस्टर लहान होत गेले, तसा ट्रान्झिस्टरच्या तोटीखालचा थरही पातळ होत गेला. २००० नंतर तो सुमारे १.२ नॅनोमीटरवर आला. म्हणजे उण्यापुऱ्या पाच अणूंची जाडी. एवढ्या पातळ भिंतीला इलेक्ट्रॉन जुमानत नाहीत. क्वांटम नियमांप्रमाणे ते भिंत न ओलांडताच पलीकडे उगवतात. ज्या थराने गळती थांबवली, तोच थर गळू लागला.

दुसरीकडे चिपचा व्होल्टेज पाचवरून एकच्या आसपास आला होता. व्होल्टेज कमी म्हणून नळ उघडायची पातळीही खाली आणावी लागली. ही पातळी ६० ते १०० मिलिव्होल्टने खाली आणली की बंद नळाची गळती दहापट होते. इंटेल ४ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४ आणणार होती. ऑक्टोबर २००४ मध्ये बेत रद्द केला. चिप इतकी तापत होती की वेग वाढवणं परवडेना.

मग दोन बाजूंनी काम सुरू झालं. कारखान्याच्या बाजूने २००७ मध्ये इंटेलने तोटीखालचा तो जुना थर बदलून हाफनियम या धातूवर आधारलेला जाड थर आणला. पाच वर्षांनी बाजारात आलेल्या चिपांत ट्रान्झिस्टरच सपाट न ठेवता उभ्या पंखासारखा केला, म्हणजे तोटीला तीन बाजूंनी पकड मिळते. होर्नीने टेकडी सपाट केली होती, पन्नास वर्षांनी पुन्हा उंचवटा आला! पण सांधे झाकून ठेवायचा त्याचा नियम तसाच राहिला.

डिझाइनच्या बाजूने इंजिनिअरांनी जे केलं ते बीडच्या माणसाला लगेच कळेल. चिपमध्ये भारनियमन सुरू केलं. कॅमेऱ्याचं काम नाही? कॅमेऱ्याच्या भागाची वीज मधल्या एका मोठ्या स्विचने तोडायची. महावितरण फीडर बंद करतं तसं. आपल्याकडे यात शिव्या पडतात, चिपमध्ये बॅटरी वाचते. शिवाय सगळे ट्रान्झिस्टर एकसारखे ठेवत नाहीत. जिथे घाई आहे तिथे चपळ पण गळके वापरायचे, बाकी ठिकाणी सुस्त पण घट्ट. कुठला कुठे बसवायचा हे ठरवण्यात डिझाइनरांचे महिने जातात. पुण्या-बंगळूरच्या चिप कंपन्यांमध्ये मराठवाड्यातून गेलेली पोरंपोरी हेच काम करताना भेटतील.

ब्राल्डू नदीवरचा पूल

यातलं बरंचसं होर्नीने बघितलं नाही. त्याची शेवटची वर्षं वेगळ्याच ठिकाणी गुंतली होती.

तो पक्का डोंगरवेडा होता. आल्प्सच्या देशातला माणूस, कॅलिफोर्नियात आला तरी सुट्टी मिळाली की डोंगर. काराकोरमच्या रांगांतही तो जाऊन आला होता. हा भाग आपण बातम्यांत गिलगिट-बाल्टिस्तान म्हणून ऐकतो, काश्मीरचा पाकिस्तानच्या ताब्यातला उत्तरेकडचा तुकडा. के-टू शिखर तिथेच. गिर्यारोहकांचं सामान पाठीवर वाहणाऱ्या बाल्टी हमालांची गरिबी त्याने डोळ्यांनी बघितली होती. मोसमात ओझी वाहायची, बाकी वर्षभर हातातोंडाची गाठ, आणि पोरांना शाळा नाही.

नव्वदीच्या दशकात ग्रेग मॉर्टेन्सन या अमेरिकी गिर्यारोहकाने तिथल्या कोर्फे गावात शाळा बांधण्यासाठी मदत मागितली होती. ती एका छोट्या वार्तापत्रात छापून आली. होर्नीने वाचली आणि १२ हजार डॉलर पाठवले. शाळेचं सामान निघालं, पण गाव ब्राल्डू नदीच्या पलीकडे. दगड-लाकूड पलीकडे न्यायला धड पूल नाही. आधी पूल बांधावा लागणार होता आणि त्याचे पैसे वेगळे. होर्नीने तेही दिले.

ऊसतोडीला निघताना लेकरू बरोबर न्यायचं की गावात हंगामी वसतिगृहात ठेवायचं, हा पेच दर दिवाळीला बीडमध्ये हजारो घरांत पडतो. रोजगाराच्या मागे फिरणाऱ्या बापाच्या पोराची शाळा मधेच तुटते, हे बाल्टिस्तानात आणि बालाघाटात सारखंच.

१९९६ मध्ये होर्नीने सेंट्रल एशिया इन्स्टिट्यूट ही संस्था उभी राहावी म्हणून १० लाख डॉलर दिले. तेव्हा त्याला रक्ताचा गंभीर आजार झाला होता आणि आपल्याकडे दिवस कमी आहेत हे त्याला ठाऊक होतं.

या संस्थेची पुढची कहाणी सगळी गोड नाही. मॉर्टेन्सनचं पुस्तक जगभर गाजलं, लाखो लोकांनी देणग्या दिल्या. मग २०११ मध्ये लेखक जॉन क्राकाउर आणि अमेरिकी टीव्हीने पुस्तकातल्या प्रसंगांवर आणि पैशांच्या हिशोबावर प्रश्न उभे केले. माँटाना राज्याच्या ॲटर्नी जनरलने चौकशी केली आणि २०१२ च्या समझोत्यात मॉर्टेन्सनला संस्थेला १० लाख डॉलरहून अधिक रक्कम परत करायला लागली. जवळजवळ तेवढीच रक्कम होर्नीने सुरुवातीला दिली होती. देणगीचा पैसा कुठून झिरपला, ते बघायला तेव्हा तो हयात नव्हता.

कोर्फेची शाळा मात्र खरोखर बांधली गेली होती. ती पूर्ण झाली डिसेंबर १९९६ मध्ये. पुढच्याच महिन्यात, १२ जानेवारी १९९७ ला, सिॲटलमध्ये ज्याँ होर्नी गेला. तेव्हा तो ७२ वर्षांचा होता.